कानामागचा पट्टा

तिच्या उजव्या डोळ्याखाली भोवरा होता, म्हणून ती मला परवडली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दातांइतकीच भोवऱ्यांची तपासणी होते. गळ्यावर लांबट भोवरा असला तर तो देवमण. असा घोडा दारात बांधला की घराची भरभराट होते म्हणतात, आणि विकणारा किंमत सांगताना आवाज खाली आणत नाही. डोळ्याखाली भोवरा असला तर आसूढाळ. म्हणजे जिथून आसवं ढळतात ती जागा, आणि असा घोडा मालकाच्या घराला रडवतो. 2008 च्या दत्तजयंतीला मी तिथे नुसती बघायला गेले होते. तापीकाठची एकमुखी दत्ताची यात्रा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे, पांढरेधोप नुकरे, धूळ, घुंगरं. आणि रांगेच्या टोकाला, पाण्याच्या टँकरशेजारी, ही कुमैत घोडी कडब्यात तोंड खुपसून उभी. तिच्यापाशी कुणी थांबत नव्हतं.

व्यापाऱ्याने भोवरा लपवला नाही, तो लपवता येतही नाही. सौदा रुमालाखाली बोटं दाबून करायची त्याची रीत. पण बाईमाणसाचा हात रुमालाखाली कसा धरायचा म्हणून तो अडला आणि शेवटी किंमत तोंडानेच सांगितली, तीही हळू. "ताई, तुम्ही शहराकडच्या, हे मानत नसाल," एवढं वर. मी दात बघितले. कडेचे दात नुकतेच पुरे आले होते, म्हणजे पाचेक वर्षांची. चारही खूर उचलून बघितले, दुडकी पळवून बघितली. कानाला हात लावून मात्र बघितला नाही. घोडा घेताना दोन्ही कानांना हात लावून बघा, हे मी तेव्हापासून येईल त्याला सांगते.

सासवडजवळ माझं छोटं रिंगण आहे. शनिवार-रविवारी पुण्याची मुलं घोड्यावर बसायला शिकतात, एरवी आम्ही आणि घोडे. ती घोडी, मिरी, आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी लगाम घालायला गेले. उजव्या कानावरून पट्टा ओढणार, तोच तिने मान आभाळाला लावली, मागचे पाय रोवले आणि सगळं वजन मागे टाकून मोहरकी तोडली. मोहरकीचा दोर मी तळहाताला वेढा घालून धरला होता. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा, आणि तो मी मुलांना रोज देत होते. करंगळी दोन ठिकाणी मोडली. ती अजून सरळ होत नाही.

कानाचं काय झालं असेल ते घोड्यांत वावरणाऱ्या कुणालाही कळेल. नाल मारताना, इंजेक्शन देताना घोडा हलू नये म्हणून कान मुठीत धरून पिळतात. घोडा उभा राहतो. लोक समजतात शांत झाला. तो दुखण्याने गोठलेला असतो, आणि पुढे जन्मभर कानाकडे येणारा प्रत्येक हात तो त्या हातात मोजतो. मराठीत आपण याला खोड म्हणतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंही म्हणतो. म्हणताना खोड घोड्याची, एवढंच ध्यानात राहतं. ती लावणारा कधीचाच दुसऱ्या बाजाराला गेलेला असतो.

मी पूर्वी ज्यांच्याकडे काम केलं होतं त्या एका उस्तादांना फोन केला. त्यांचा इलाज तीन दिवसांचा होता: खांबाला पक्की बांध, दमेपर्यंत ओढू दे, मग कान धर आणि सोडू नको. त्यांचे घोडे वठणीवर आलेले मी पाहिले होते. डोळे बघितले की तबेल्यात माणूस शिरल्याचं त्यांना कळलंय की नाही अशी शंका यायची. मी फोन ठेवला आणि लगामाचा कानामागचा पट्टा बकल काढून मोकळा केला. कानांवरून ओढायचंच नाही. पट्टा मानेवरून पलीकडे न्यायचा, कानांमागे बकल लावायचं, आणि मगच कडी तोंडात द्यायची. अर्ध्या मिनिटाच्या कामाला पाच मिनिटं लागतात. मी तसाच लगाम घालू लागले.

कानाचं काम वेगळं, संध्याकाळी, चंदी खाऊन झाल्यावर. घोडे एकमेकांना जिथे दातांनी खाजवतात, मानेच्या मुळाशी, खोगिराच्या जरा पुढे, तिथून सुरुवात. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. हे मोजलेलं आहे, आणि जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं तर आपल्यालाही मोजता येतं. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आत असते. मिरीची मी जवळ गेल्यावर साठला जायची. खाजवत खाजवत हात आयाळीच्या कडेने वर न्यायचा. एका जागी कातडी थरथरते, माशी बसल्यासारखी. त्या जागेच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं आणि तिने मान काढून घेण्याआधी आपण हात काढून घ्यायचा.

सगळी विद्या त्या काढून घेण्यात आहे, आणि मला ती फार उशिरा आली. मान तिने काढली आणि मग मी हात सोडला, तर ती शिकते की मान झटकली की माणूस जातो. हात मी आधी सोडला, तर ती विचारात पडते. कान हलतात, खालचा ओठ सैल होतो, ती जीभ फिरवते. मधलं अंतर अर्ध्या श्वासाचं. पहिले दोन महिने दहातल्या आठ वेळा मी चुकत होते, कारण मला कान हवा होता. घोड्याला हे कसं कळतं, असं पालक विचारतात. बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने 1907 मध्ये दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तेवढं बघून थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसायचं. मिरीला माझी घाई माझ्याआधी कळायची ती अशी.

पाचव्या महिन्यात, मेच्या एका संध्याकाळी, बोटांच्या टोकांना कानाच्या मुळाशी लव लागली. गरम होती. मी लगेच हात काढला आणि आत जाऊन चहा केला. घरात सांगितलं तर कुणाला काही विशेष वाटलं नाही.

या काळात ती एक रुपया मिळवत नव्हती. साडेतीनशे किलोची घोडी, दिवसाला सहा-सात किलो कडबा-कुट्टी, वर भिजवलेले हरभरे, कोंडा, दर सहा आठवड्यांनी नालबंद. मुलांना तिच्यावर बसवायला मी तिसऱ्या वर्षी सुरुवात केली. तेव्हाही एका वडिलांनी भोवरा बघून मुलीला खाली उतरवलं आणि दुसरा घोडा मागितला. दिला. भांडून काय होणार होतं?

माझे वडील गेले ते त्याआधी, मिरी आल्याच्या दुसऱ्या वर्षी. भेटायला आलेल्या नात्यातल्या एक बाई ओसरीवरून तबेल्याकडे बघत आईला म्हणाल्या, "आसूढाळ दारात बांधली होती ना?" आई म्हणाली, "त्यांना अठरा वर्षं डायबिटीस होता. घोडी आत्ता आली." आईला घोडे मुळीच आवडत नाहीत. लीद, माशा आणि माझी मोडलेली करंगळी यांबद्दल तिचं जे मत होतं ते आजही आहे. पण त्या दिवसापासून भाकरीचा शिळा तुकडा ती कुंपणाशी जाऊन देते. कानाला हात लावत नाही, त्यामुळे मिरीचा तिच्यावर माझ्यापेक्षा लवकर जीव जडला.

2013 च्या जुलैत मिरीला पोटशूळ झाला. घोड्याला ओकता येत नाही. पोटात जे गेलं ते पुढेच सरकावं लागतं, आणि आतडं अडलं किंवा पिळलं की तासांचा हिशेब असतो. रात्री दहाला ती पोटाकडे वळून वळून बघत होती, मग आडवी पडून लोळायला लागली. पावसात मी तिला चालवत ठेवलं. साडेबाराला डॉक्टर आले. नाकातून पोटात नळी घालायची होती, आणि ती डोकं देईना. डॉक्टरांनी काठीच्या टोकाला दोरीचा फास केला. वरच्या ओठाला तो घालून पीळ देतात. ओठाचा पीळ कानाच्या पिळासारखा नसतो, त्याने शरीरात वेदना कमी करणारी द्रव्यं सुटतात. हे मला तोंडपाठ होतं. तरी काठी धरायला माणूस मीच होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. नळी गेली. पहाटे चारला तिने लीद टाकली आणि डॉक्टर तिथेच चिखलात उकिडवे बसून हसले.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाणीशी गेले तर तिने पुठ्ठा माझ्याकडे केला. लाथ उगारली नाही, नुसती पाठ. आईची भाकरी खाल्ली. संध्याकाळी मी हात वर नेला तर मान पुन्हा आभाळाला. साडेचार वर्षांचं काम एका रात्रीत गेलं असं मी त्या आठवड्यात दोघा-तिघांना रडत सांगितलं. ते खरं नव्हतं. पुन्हा मानेच्या मुळापासून सुरुवात केली आणि सव्वा महिन्यात कान हाताला आला. आधी पाच महिने लागले होते. तिच्या खात्यात माझ्या नावावर काहीतरी जमा असावं, आणि त्या रात्रीचं वजा झाल्यावरही थोडं उरलं असावं. किती, ते तिला माहीत.

आता ती बाविशीची आहे. घोड्याच्या वरच्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक तपकिरी खाच उगवते आणि विसाव्यापर्यंत दाताच्या टोकाला पोचते. मिरीची खाच आता वरून पुसायला लागली आहे. कडबा चाववत नाही; कोंडा आणि भिजवलेली कुट्टी देते. मुलं तिच्यावर बसत नाहीत, तिला खरारा करायला शिकतात. दुपारी ती वाळूत आडवी पडून गाढ झोपते. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावं लागतं, आणि धोका वाटला तर तो अंग टाकत नाही. अलीकडे मी शेजारी स्टूल टाकून हिशेब लिहीत बसले तरी ती उठत नाही.

उजव्या कानाकडे हात गेला की मात्र आधी मान वर. अजूनही, रोज. दोन-तीन सेकंद, मग आपणहून खाली. सतरा वर्षांत यात फरक पडलेला नाही, आणि तो पडावा म्हणून मी काही करणंही सोडलं आहे.

गेल्या महिन्यात नालबंद चाचांच्या बरोबर त्यांचा नातू आला होता, पहिल्यांदाच. खूर साळून झाल्यावर तिला दोन फेऱ्या फिरवायच्या होत्या, म्हणून मी लगाम घेतला आणि कानामागचं बकल सोडायला लागले. पोरगा बघत होता. "ताई, कान तर धरू देते की आता. मग पट्टा कशाला सोडताय?"

"असू दे रे," मी म्हटलं. बकल जुनं झालंय, गंजून घट्ट बसतं, सुटायला वेळ लागतो. मिरीने मान खाली केली आणि माझ्या मोडक्या करंगळीशी नाक आणून थांबली.