फुकटे वाचक

'सार्वजनिक' हा शब्द आपण इतक्या पाट्यांवर वाचतो की त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव, सार्वजनिक बांधकाम, सार्वजनिक वाचनालय... यातल्या शेवटच्या पाटीबद्दल गेले काही महिने माझ्या डोक्यात बरंच काही चाललंय. ते आज एकदा लिहून काढते.

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे. खाली रस्त्याला लागून मोठी खोली, तिच्यात एक लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं आणि टेबलावर सात-आठ वर्तमानपत्रं. आतल्या बाजूला देवघेवीची खिडकी, तिच्यामागे पुस्तकांची कपाटं. वर जिना चढून गेलं की एक हॉल, तो व्याख्यानमालेचे चार दिवस सोडले तर बंदच. पुस्तकं घरी न्यायची तर वर्गणी आणि अनामत भरावी लागते. टेबलावर बसून पेपर वाचायला मात्र काही लागत नाही. नावसुद्धा कुणी विचारत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी सकाळचा पेपर तिथंच वाचते. घरी येतो पेपर, नाही असं नाही. पण तिथं आठ मिळतात आणि शिवाय माणसं भेटतात. त्यामुळे टेबलावर कोण कधी येतं हे मला आता पाठ झालंय. दार उघडायच्या आधीच पायरीवर दोन आजोबा बसलेले असतात. त्यातल्या एकांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, म्हणून दुसरे त्यांना मथळे वाचून दाखवतात. अग्रलेखावरून दोघांचं रोज भांडण होतं आणि रोज दोघं बरोबरच घरी जातात. दहाच्या सुमाराला मार्केट यार्डातले एक-दोन हमाल डोकावतात. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली मंडळी एसटीची वाट बघत बाजारभावाचं पान चाळतात. दुपारी उन्हाच्या वेळी एक बाई येतात. त्या पेपर उघडतात, पण वाचतातच असं नाही. तासभर शांत बसतात, आमच्या ताईंनी भरून ठेवलेल्या माठातलं पाणी पितात आणि जातात. त्यांना काय हवं असतं हे मी कधी विचारलं नाही. विचारायचंही नसतं. गावात चहा न घेता, काही विकत न घेता, कुणाच्या घरी न जाता एका बाईला तासभर बसता येईल अशी दुसरी जागा कुठली आहे, सांगा बघू! देवळात? तिथंही चार ओळखीच्या बायका विचारतातच, "काय गं, आज काय विशेष?"

संध्याकाळी भरतीच्या जाहिराती बघायला मुलं-मुली येतात. मोबाईल सगळ्यांकडे आहे, तरी येतात. कारण मोबाईलवर आलेली कुठली जाहिरात खरी आणि कुठली खोटी हे विचारायला तिथं ग्रंथपाल ताई असतात. या ताई म्हणजे आमच्या वाचनालयातल्या एकमेव पूर्णवेळ कर्मचारी. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा त्यांच्या खिडकीशी पुस्तकांपेक्षा आधारकार्डंच जास्त दिसत होती. हे काम त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेलं नाही. पण अर्ज वाचून समजावून सांगणारं, पैसे न मागणारं माणूस गावात कुठं बसतं हे बायकांना बरोबर माहीत होतं.

करोनात हे टेबल बंद झालं. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं आणि राज्यातल्या वाचनालयांना दार उघडायची परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरपासून. त्या सात महिन्यांत आम्ही सभासदांनी घरातली जुनी पुस्तकं काढली, मोबाईलवर वाचलं, एकमेकांकडून आणलं. आमचं तसं काही अडलं नाही. अडलं ते टेबलावरच्या लोकांचं, आणि त्यांचं अडलंय हे कुणाला कळलंही नाही. कारण त्यांची नावं कुठल्याच नोंदवहीत नव्हती.

आता थोडं मागे जाऊ या. महाराष्ट्रातली जुनी वाचनालयं खरंच जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. यातल्या काहींचं पहिलं नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असं होतं. इंग्रज अधिकारी आणि शिकलेले चार एतद्देशीय गृहस्थ यांनी वर्गणी काढून ती चालू केली. साहजिकच जो वर्गणी देईल तो वाचेल. पुढे ठाण्याला १८९३ साली आणि मुंबईला १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालयं निघाली ती मराठी पुस्तकं जपायच्या ओढीनं. फार मोठं काम आहे ते. पण वाचनालय म्हणजे वर्गणीदारांची संस्था ही कल्पना आपल्याकडे अशी पहिल्यापासूनच मुरलेली.

वेगळा विचार केला तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी. १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण मूल चार इयत्ता शिकलं आणि पुढे हाताला पुस्तकच लागलं नाही तर शिकलेलं विसरणारच ना? म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालयं, आणि जिथं तेही नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या! पैसे न घेता. वाचणाऱ्याची ऐपत बघायचीच नाही, हा त्यातला मुद्दा.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्यानं १९४८ सालीच ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. आपल्याकडे गावातल्या लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची, चालवायची आणि सरकारनं तिचा अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं, अशी पद्धत आहे. अशी अनुदानित वाचनालयं राज्यात ११-१२ हजारांच्या घरात आहेत. आकडा मोठा वाटतो. पण लहान वाचनालयाच्या हातात महिन्याकाठी काही हजारच पडतात, तेही हप्त्यानं. त्यातच पगार, पेपरचं बिल, वीज आणि नवी पुस्तकं! २०२२ च्या अखेरीस सरकारनं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं खरं, पण मुळातच थोडं असलेलं वाढून वाढून किती वाढणार?

या पद्धतीची मला एक गोष्ट मनापासून आवडते. वाचनालय आपलं असतं, सरकारी कचेरी नसते. आणि तिची हीच गोष्ट मला काळजीतही टाकते. कारण वाचनालय कुणासाठी आहे हे मग गावातली दहा-बारा माणसं ठरवतात.

तर झालं असं, की यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली. मी गेले. अशा सभांना कधी गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल : वेळेवर पाच जण असतात, मग गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, आणि अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी तीच पाच-दहा माणसं तीच सभा कायदेशीरपणे पुन्हा भरवतात. अहवाल झाला, हिशेब झाले. मग अध्यक्षांच्या परवानगीनं 'आयत्या वेळचा विषय' आला. खालच्या मोठ्या खोलीत एसी लावून अभ्यासिका करायची, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना महिन्याच्या फीवर जागा द्यायच्या आणि पेपरचं टेबल वरच्या हॉलमध्ये न्यायचं.

मांडणाऱ्यांची अडचण खोटी नव्हती. ताईंचा पगार कित्येक वर्षं जवळपास तिथंच आहे. छप्पर गळतं. अभ्यासाला जागा नाही म्हणून मुलं तालुका सोडून पुण्याला जातात आणि खोलीभाड्यात आईबाप पिचतात. अभ्यासिका हवीच होती. पण जिना? पायरीवर बसणारे ते दोन आजोबा बावीस पायऱ्या चढणार कसे? ती दुपारची बाई रस्त्यावरून सहज आत येते, ती वर कोपऱ्यातल्या हॉलमध्ये एकटी जाईल?

मी हे बोलले. तेव्हा एक सभासद म्हणाले, "अहो वहिनी, वर्गणी आपण भरायची आणि या फुकट्यांसाठी वीज किती दिवस जाळायची?"

गृहस्थ वाईट नाहीत. दरवर्षी दिवाळी अंकांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे देतात. पण तो शब्द मला फार लागला. अनुदान कुणाच्या पैशातून येतं? त्या हमालानं विकत घेतलेल्या चपलेवर आणि साबणावर जो कर भरला, त्यातूनही येतं. म्हणजे आम्ही वर्गणी भरतो तसे तेही भरतातच, फक्त त्यांना पावती मिळत नाही!

मला तेव्हा १९२३ चा ठराव आठवला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. आमचं टेबल आणि ते तळं यांची तुलना होऊ शकत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण सार्वजनिक म्हणजे कुणाचं, हा प्रश्न पाटी लावून सुटत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. पाटी तीच ठेवून, कुणालाही 'येऊ नका' न म्हणता, नुसतं टेबल वर नेलं तरी माणसं यायची थांबतात.

सभेत यातलं सगळं काही मी बोलले नाही. बोलल्या त्या ताई. कर्मचारी असल्यानं त्यांना मत नाही, म्हणून दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एक दोनशे पानी वही पुढे केली. महिनाभर त्या टेबलावर येणाऱ्यांच्या नुसत्या रेघा मारत होत्या, पाच-पाचाचे गठ्ठे करून. देवघेवीला जितके लोक आले त्याच्या दुपटीहून जास्त लोक टेबलावर येऊन गेले होते. वही सगळ्यांच्या हातातून फिरली. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "माझा पगार वाढला तर मला हवाच आहे. पण अभ्यासाची मुलं तरणी आहेत, ती चढतील की वर."

शेवटी ठरलं ते असं : अभ्यासिका वरच्या हॉलमध्ये, एसीऐवजी पंख्यांवर, कमी फीत. टेबल खालीच. आणि सभासदांची वर्गणी थोडी वाढवायची, ती वाढ ताईंच्या पगारासाठी. एका वर्षापुरतं. पुढच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे, कारण हिशेब अजूनही जेमतेमच जुळतोय.

म्हणून हा सगळा प्रपंच. पुस्तकं महाग झाली, लोक वाचत नाहीत, मोबाईलनं वाट लावली, हे आपण नेहमीच बोलतो. पण तुमच्या गावच्या किंवा पेठेतल्या वाचनालयाचे तुम्ही सभासद आहात का? असाल तर वर्षातून एकदा त्या कंटाळवाण्या सभेला जाता का? गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं जे ठरवते ते कायदेशीर असतं. तिथं मत फक्त वर्गणी भरणाऱ्याला असतं. टेबलावरच्या माणसाला ते नसतं, आणि त्याचा विषय चाललाय हे त्याला कळतही नाही. त्याच्या वतीनं हात वर करायला आपल्यापैकी कुणीतरी तिथं बसलेलं असलं पाहिजे, बस्स.

आमची पुढची सभा साधारण ऑगस्टमध्ये असते. मी या खेपेला आणखी चार जणींना बरोबर नेणार आहे. पाचजणी वेळेवर पोचलो तर निदान सभा तहकूब तरी होणार नाही!