बारावं भोक

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी वेल्डिंग फिक्स्चर डिझाइन करायचो, तेव्हाची गोष्ट. एका बेस प्लेटवर एम ८ बोल्टांसाठी बारा भोकं होती. मी ती ८.४ मिलिमीटरची, म्हणजे बोल्टाला जेमतेम मोकळीक देणारी ठेवली होती. संध्याकाळी ग्राहकाचा निरोप आला, जुळणीला जरा सैल हवं, भोकं ९ ची करा. मी स्केच उघडलं. पहिल्या भोकाच्या मापावर डबलक्लिक, ९, एंटर. दुसऱ्यावर डबलक्लिक, ९, एंटर. असं शेवटपर्यंत गेलो, स्केच बंद केलं आणि मॉडेल खाली पाठवलं. मशीनचा प्रोग्राम थेट त्या मॉडेलवरूनच निघायचा.

तिसऱ्या दिवशी जुळणीच्या बाकावरून फिटरकाकांची हाक आली. "साहेब, अकरा बोल्ट गेले. बारावा जाईना."

काकांनी हँड ड्रिलला ९ चं ड्रिल लावून भोक मोठं केलं. दोन मिनिटांचं काम. मी मात्र वर येऊन फाइल उघडली. प्लेटच्या कोपऱ्यात दोन मापांचे आकडे एकमेकांवर चढले होते आणि खालचा आकडा अजून ८.४ होता. त्या दिवसापासून क्लिक मोजायची सवय लागली, ती आजतागायत.

मोजायला आधार आहे. १९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी संगणकावर काम करणाऱ्या सरावलेल्या माणसाला कुठल्या हालचालीला किती वेळ लागतो, याचं एक मॉडेल मांडलं. माउस नेमका जागेवर नेणं १.१ सेकंद. हात माउसवरून कीबोर्डवर नेणं ०.४ सेकंद, परत आणणं तेवढंच. टायपिंगचा बेताचा सराव असेल तर एका कळीला साधारण ०.२८ सेकंद. आणि हे सगळं करण्याआधी मनात "आता काय करायचं" हे ठरवायला १.३५ सेकंद. हा हिशेब माझ्या बेस प्लेटला लावा. डबलक्लिकचे ०.४ सेकंद धरले, तर एका भोकाला सव्वाचार सेकंद होतात, बारा भोकांना पन्नास. पन्नास सेकंदांसाठी कुणी डोकं धरून बसत नाही. पण त्यातली सगळ्यात महाग बाब बोटांची नाही, डोक्याची आहे. "हे झालं का? पुढचं कुठलं?" हा प्रश्न मी बारा वेळा स्वतःला विचारला आणि एकदा उत्तर चुकलं. म्हणून क्लिक कमी करणं हे माझ्या लेखी वेगाचं काम नाहीच. ज्या जागी माणूस चुकू शकतो, त्या जागा कमी करायच्या आहेत.

त्या स्केचमध्ये मी बारा वर्तुळं काढून बारा मापं दिली होती. एका वर्तुळाला माप देऊन बाकीच्या अकरांना त्याच्याशी इक्वल हे कन्स्ट्रेंट लावलं असतं, तर एका मापाने काम भागलं असतं. भोकं ठरावीक अंतरावर असतील तर त्याहून बरा मार्ग आहे. स्केचमध्ये एकच भोक ठेवायचं आणि बाकीची पॅटर्नने घ्यायची. किंवा त्या मापाला नाव द्यायचं आणि ते नाव सगळीकडे वापरायचं. तीनही वाटा आजच्या जवळपास प्रत्येक पॅरामेट्रिक कॅडमध्ये आहेत.

आजच्याच का म्हणा, यामागची कल्पना मुळापासूनच आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड हा प्रोग्राम केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेषा ओबडधोबड काढायच्या, मग या दोन समांतर, या दोन सारख्या लांबीच्या, असं सांगायचं; आकृती सरळ करायचं काम यंत्राचं. त्यात एक मूळ आकृती ठेवून तिच्या कितीही प्रती वापरता यायच्या आणि मूळ बदललं की साऱ्या प्रती बदलायच्या. माझ्या बारा भोकांचा प्रश्न माझ्या जन्माआधीच सुटला होता, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

स्केचपॅडमधली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका हातात पेन असायचं आणि दुसरा हात बटणांवर. दोन्ही हातांना काम. ऑटोकॅडवर वाढलेल्या माझ्या पिढीलाही ही सवय होती. डावा हात कीबोर्डवर, एल दाबलं की रेषा, टीआर दाबलं की ट्रिम, अंगठा स्पेसबारवर, कारण स्पेसबार दाबला की मागचीच आज्ञा पुन्हा चालू. पुढे थ्रीडी सॉफ्टवेअर आलं, आयकॉनच्या पट्ट्या आल्या आणि डावा हात मांडीवर गेला. उजवा हात दिवसभर पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत येरझारा घालू लागला. माझ्या ओळखीच्या कितीतरी डिझाइनरांचं उजवं मनगट दुखतं. सॉलिडवर्क्समध्ये एस दाबलं की लागणारी अवजारं कर्सरपाशीच उघडतात, ती आपल्या कामाप्रमाणे बदलून घेता येतात. एवढं एक केलं तरी हाताची निम्मी फरपट थांबते. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी हे लावून देतो.

फ्रीकॅडवाल्यांसाठी एक छोटी सेटिंग सांगतो. तिथे रेषा काढून झाली की हात आपोआप एस्केपवर जातो, एकदा जास्त दाबलं गेलं की स्केचच बंद होतं. मग मॉडेलच्या ट्रीमध्ये जाऊन स्केच शोधा, डबलक्लिक करा, पुन्हा झूम करा. प्रेफरन्समध्ये स्केचरच्या पानावर एस्केपने बाहेर पडण्याची खूण काढून टाकता येते. काढून टाका.

पण शॉर्टकट कितीही शिकलात, तरी खरी बचत स्केच काढायला बसण्याआधी होते. साधा आयत घ्या. चार कोपरे जोडले तरी त्याला आठ प्रकारे हलायची मोकळीक असते. दोन रेषा आडव्या, दोन उभ्या केल्या की चार उरतात. लांबी-रुंदी दिली की दोन. उरलेल्या दोन म्हणजे आयत आहे कुठे. बहुतेक जण एक कोपरा शून्यावर टेकवतात आणि मोकळे होतात. मी आयताचा मध्य शून्यावर ठेवायला सांगतो. उद्या प्लेट वीस मिलिमीटरने वाढली, तर ती दोन्ही बाजूंना दहा-दहा वाढते आणि मध्यापासून मोजलेलं काहीच हलवावं लागत नाही. कोपऱ्यातून सुरू केलं असेल, तर त्याच बदलासाठी मधलं प्रत्येक माप पुन्हा उघडावं लागतं. हे ठरवायला कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटं लागतात. ही प्लेट कशामुळे बदलेल, कोण बदलायला सांगेल, हा प्रश्न आधी विचारायचा.

तपासायला स्केच आलं की मी आधी रंग बघतो. सॉलिडवर्क्समध्ये एखादी रेषा निळी राहिली असेल, तर ती अजून मोकळी आहे. मग कुठलंही एक माप मुद्दाम भलतं करून बघतो, ३०० चं ४५०. स्केच वेडंवाकडं झालं तर परत पाठवतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या नव्या मुलीने तिची पहिली बेस प्लेट दाखवायला आणली. "सर, बदलून बघा ना," म्हणाली. मी लांबी ३०० ची ४५० केली. भोकं सगळीच्या सगळी मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच सरकली. मग भोकाचं माप ८.४ चं ९ केलं, आणि सवयीने कोपऱ्यातल्या बाराव्या भोकावर झूम केलं. ९ होतं.