एका की-बोर्डात अख्खा वाद्यवृंद, आणि मामंजींचा ऑर्गन



गणपती जवळ आले की मला एक प्रश्न हमखास येतो. "काकू, आत्ता ऑर्गन वाजत होता, लगेच बासरी, मग व्हायोलिन. तुमचा हात तर थांबतच नाही! हे करता कसं?" परवा लोकमान्य नगरात भाजी घेतानाही एकीनं विचारलं. म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकू.

पहिली गोष्ट ही, की माझ्या की-बोर्डात आवाजच नाही. तो फक्त लॅपटॉपला निरोप धाडतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. १९८३ पासून निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं हीच भाषा बोलतात. खरा आवाज निघतो तो लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून. "आता पाच नंबरचं वाद्य लाव" हाही एक निरोपच. त्याला प्रोग्रॅम चेंज म्हणतात आणि त्यात १२८ नंबर असतात. गंमत अशी की कुठे मोजणी शून्यापासून, तर कुठे एकापासून. म्हणून की-बोर्डवर पाच दाबलं तर लॅपटॉपवर सहावं वाद्य उघडू शकतं. घरीच एकदा ताडून पाहायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. वाद्य बदलायला सांगितल्यावर लॅपटॉप तेव्हा ते शोधायला बसला, तर गाणारा ताटकळतो. म्हणून कार्यक्रमातली सगळी वाद्यं आधीच मेमरीत भरून, गाण्यांच्या क्रमानं लावून ठेवायची. आणखी एक काळजी म्हणजे धरलेला सूर. डाव्या हाताखाली षड्ज चालू असताना आवाज बदलला की काही सॉफ्टवेअरमध्ये तो सूर तिथेच तुटतो. काहींमध्ये मात्र बोट उचलेपर्यंत जुनाच आवाज राहतो आणि नवीन दाबलेली पट्टी नव्या आवाजात बोलते. आपल्याला हे दुसरं हवं. साथीत सूर तुटलेला चालत नाही.

तिसरी गोष्ट पायाची. हात बटनाकडे गेला की एक-दोन मात्रा जातातच. म्हणून मी पायाखाली एक स्विच ठेवलाय. दाबला की पुढचं वाद्य. आणि दाबायचा कधी? तबल्याची तिहाई चालू असताना, किंवा गाणारा श्वास घेतो तेव्हा. ही जागा कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. ती गाणं पाठ असलं तरच सापडते.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं जमवलं.

आमच्या मंडळात नाट्यसंगीत म्हणजे ऑर्गन, हे ठरलेलंच. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असे, आणि तो नाद ज्यांच्या कानात बसलाय त्यांना दुसरं काही चालत नाही. मल्हारगंजातल्या आमच्या जुन्या घरी मामंजींचा ऑर्गन होता. पायानं भाता मारायचा, गुडघ्याजवळच्या दांडीनं आवाज लहान-मोठा करायचा, आणि समोरचे स्टॉप ओढून नादाचा रंग बदलायचा. म्हणजे बघा, वाजवता वाजवता आवाज बदलायची विद्या काही आजची नाही! मामंजी तान घेता घेता डाव्या हातानं स्टॉप ओढत, आणि गाणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

मग घर बिल्डरला द्यायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऑर्गन येणं शक्य नव्हतं. भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली, आणि ६१ पट्ट्यांपैकी ४४च बोलत होत्या. माझा नातू म्हणाला, "आजी, वाद्य नाही वाचत तर आवाज तर वाचवू ना." आम्ही भात्याला रेक्झिनचे तुकडे चिकटवले. रस्त्यावरची वर्दळ थांबली की पंखा बंद करून, एकेक पट्टी दहा-दहा सेकंद धरून रेकॉर्ड करायची. मी भाता मारायची, तो मशीन सांभाळायचा. चार रात्री लागल्या. मुक्या पट्ट्यांसाठी शेजारचाच सूर कॉम्प्युटरवर अर्धा चढवून किंवा उतरवून घेतला. दोन-तीन पट्ट्या सलग मुक्या होत्या, तिथे जरा जास्त ओढावा लागला आणि ते कानाला कळतं. ऑर्गन मग एका पेटीवाल्यानं त्यातल्या सुरांसाठी नेला.

आमच्या मंडळातल्या आत्या, वय ७८, मामंजींच्या साथीवर गायलेल्या. की-बोर्ड आल्यापासून त्यांनी गाणं सोडलं होतं. "त्या डब्याबरोबर मी नाही गात." त्यांना हा आवाज ऐकवला. डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाल्या, "सूर यांचाच आहे गं. पण याला श्वास नाही. हा आपला एकसारखा ओरडून राहिलाय."

बरोबर होतं त्यांचं. सूर साठवले होते, भाता नव्हता साठवला. मग नातवानं आणखी एक पेडल जोडलं, आवाज हळूहळू चढवायचं-उतरवायचं, एक्स्प्रेशन पेडल म्हणतात तसं. आता उजवा पाय त्यावर, डावा स्विचवर. दोन्ही पाय पुन्हा कामाला लागले, जसे मामंजींचे असत. महिनाभर फक्त गाणाऱ्याबरोबर आवाज मिटवायचा आणि उघडायचा रियाज केला. गेल्या गणपतीत आत्या दोन पदं गायल्या. "अजून थोडं कमी दे गं" असं मधेच दोनदा खुणावलं, पण गायल्या. त्या दोन्ही पदांत मी वाद्य एकदाही बदललं नाही. तो स्विच कधी दाबायचा नाही, हेही शिकावं लागतं.

आता तुम्हाला एक विनंती. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा, जिथे जिथे आपली जुनी घरं पडताहेत, तिथे माळ्यावर एखादा ऑर्गन, जुनी पायपेटी असेल. भंगारवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या एखाद्या पोराला जवळ बसवा, आणि जेवढे सूर बोलतात तेवढे रेकॉर्ड करून घ्या. फोनवर केलं तरी चालेल. फक्त पंखा बंद ठेवा. आणि त्या वाद्यावर गायलेलं कुणी घरात असेल तर तो आवाज आधी त्यांना ऐकवा. काय उणं आहे ते तेच सांगतील.

तुमच्याकडे असं काही असेल तर खाली जरूर लिहा. मी वाचते आहे.