एक तारीख, दोन जयंत्या : २६ जूनची गोष्ट

१/
वसई गावात होळी नावाचा एक भाग आहे. हा जुना बाजार बाराही महिने 'होळी'च असतो. त्याच नावाचा सण मात्र इंग्रजी तारखेत कधीच स्थिर राहत नाही. फाल्गुन पौर्णिमेच्या मागोमाग तो कधी मार्चच्या आरंभी येतो, कधी अखेरीस. एखादी गोष्ट 'त्याच दिवशी' घडली असे आपण म्हणतो, तेव्हा तो दिवस कोणत्या पंचांगातला, हा प्रश्न वसईइतका जवळून फार थोड्या गावांनी पाहिला असेल.

२/
उदाहरण याच गावच्या किल्ल्याचे. चिमाजी अप्पांच्या वेढ्यानंतर पोर्तुगीजांनी शरणागतीच्या करारावर सही केली, ती तारीख १६ मे १७३९. शेजारच्या मुंबईत इंग्रजांच्या लेखी तोच दिवस ५ मे १७३९ होता. पोर्तुगालने सुधारलेली ग्रेगोरियन कालगणना १५८२ सालीच स्वीकारली होती. इंग्लंड १७५२पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेला धरून राहिले. दोहोंत तेव्हा ११ दिवसांचे अंतर पडले होते. मराठ्यांच्या कागदांत तो दिवस अर्थातच तिथीने येतो. घटना एक, दिवस एक, पण त्याला नावे तीन.

३/
याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचे स्मरण होते ते फेब्रुवारीत, मृत्यूच्या दिवसाला धरून. संताचा मृत्युदिन हाच त्याचा स्वर्गातील जन्मदिन, अशी ख्रिस्ती परंपरेची धारणा आहे. म्हणजे 'जन्मदिवस' या शब्दाचा अर्थही एकच एक नाही.

४/
एवढी पूर्वपीठिका ध्यानी घेऊन २६ जूनकडे वळावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते. जन्म १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. मराठी रंगभूमी याच दिवशी आणखी एका नावाचे स्मरण करते : नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, जन्म १८८८. दोघांत बरोबर १४ वर्षांचे अंतर.

५/
एका दिवशी दोन थोर माणसे जन्मावीत यात दैवी संकेत शोधण्याचा मोह होतो. गणित तो मोह पुरता मोडून काढते. कोणतीही २३ माणसे एकत्र आणली, तर त्यांतील निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. २३ माणसांत २५३ जोड्या होतात, हे त्याचे साधे कारण. महाराष्ट्राने तर शेकडो माणसांच्या जयंत्या जपल्या आहेत. तेव्हा तारीख जुळणे हे नवल नव्हे.

६/
नवल वेगळेच आहे. एका तारखेला जन्मलेली माणसे बहुधा एकमेकांच्या आयुष्यात कधी येतच नाहीत. १८०९ सालच्या १२ फेब्रुवारीला जन्मलेले डार्विन आणि लिंकन हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. शाहू महाराज आणि नारायण राजहंस यांचे तसे झाले नाही. येथे एकाच्या शब्दावर दुसऱ्याचे अवघे आयुष्य तोलले गेले होते.

७/
नारायणाचा गळा लहानपणीच लोकांच्या कानी गेला होता. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला 'बालगंधर्व' म्हटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण या गंधर्वाला कानाचे दुखणे होते. गाणाऱ्याचा गळा कितीही गोड असो, स्वर पारखतो तो कान. कान गेला की सूर गेला, आणि सूर गेला की त्या मुलापुढे काय उरणार होते, याची कल्पना करणे अवघड नाही.

८/
कोल्हापुरात महाराजांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याचे दुखणेही जाणले. त्यांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वॉन्लेस यांच्याकडे उपचारांसाठी पाठवले. हे इस्पितळ १८९४ साली सुरू झाले; महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तोही २ एप्रिल १८९४ रोजी. तारखांच्या अशा जुळणीला काही अर्थ नसतो. अर्थ आहे तो त्या वर्षांत उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला : एक संस्थानिक, एक परदेशी शल्यविशारद आणि सामान्य घरातला एक मुलगा.

९/
पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत नारायणाचा प्रवेश झाला, त्यामागेही महाराजांचा शब्द होता. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तल्यापासून मंडळीला स्त्रीभूमिका गाजवणारा गायक नट हवाच होता. १९०५ साली नारायण 'शाकुंतला'त शकुंतला म्हणून उभा राहिला. तेव्हा त्याचे वय १७. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा पुढला अध्याय येथून सुरू होतो.

१०/
त्या अध्यायातील एक दिवस विसरता येत नाही. १२ मार्च १९११, 'मानापमाना'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनी रंगमंचावर आली आणि गायली. एकाच तारखेला एका घरात मृत्यू होता आणि नाट्यगृहात एका युगाचा जन्म. दिनदर्शिकेच्या चौकटीत त्यांतील एकच गोष्ट मावते.

११/
आता या गोष्टीतला खरा पेच. शाहू महाराजांचा जन्मदिवस २६ जून, हे आज सर्वमान्य आहे. परंतु जुन्या लिखाणात अनेक ठिकाणी तो २६ जुलै १८७४ असा सापडतो. दिवस तोच, पण महिना एकाने पुढे. अभ्यासकांनी साधने तपासली, चर्चा झाली, शासनाने २६ जून ग्राह्य धरला आणि तोच दिवस आता 'सामाजिक न्याय दिन' म्हणून साजरा होतो. जुनी तारीख टिकली असती, तर या लेखमालेतली ही जोडी जमलीच नसती.

१२/
एका महिन्याची चूक क्षुल्लक वाटते. ती क्षुल्लक का नाही हे १९०२ साल सांगते. राज्यातील रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा महाराजांचा आदेश करवीर गॅझेटात प्रसिद्ध झाला, ती तारीख २६ जुलै १९०२. जुनी जन्मतारीख खरी मानली, तर हा आदेश थेट त्यांच्या वाढदिवशी निघाला असे होते. किती मोहक कथा! राजाने स्वतःच्या वाढदिवशी प्रजेला दिलेली भेट.

१३/
तारीख सुधारली आणि ती कथा कोसळली. कोसळली हे बरेच झाले. तो आदेश वाढदिवसाची खैरात नव्हता. शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा वाटा एका बाजूला साचला आहे, हे कारभार पाहून ओळखलेल्या राज्यकर्त्याचा तो विचारपूर्वक निर्णय होता. भेट देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्काला वाढदिवसाची वाट पाहावी लागत नाही.

१४/
योगायोगाला मात्र खोड्या काढण्याची हौसच असावी. त्या उन्हाळ्यात महाराज इंग्लंडमध्ये होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी. त्या समारंभाची मूळ ठरलेली तारीख होती २६ जून १९०२. म्हणजे महाराजांचा २८ वा वाढदिवस. आदल्याच दिवसांत एडवर्डला आंत्रपुच्छाचा विकार होऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. बादशहाचा मुकुट महिनाभराहून अधिक काळ थांबला. कोल्हापूरचा आदेश त्या अवधीत निघूनही गेला.

१५/
२६ जूनच्या यादीत तिसरे नाव गौहरजान यांचे. जन्म १८७३, आझमगढ. ग्रामोफोनच्या तबकडीवर हिंदुस्थानी गाणे पोहोचवणाऱ्या पहिल्या मोठ्या गायिका. त्यांचे ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झाले तेही १९०२ सालीच. येथे एक सावधगिरी हवी. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात ज्यांचे नाव येते त्या गोहरबाई कर्नाटकी या वेगळ्या. नाव एक म्हणून माणूस एक होत नाही, तसेच तारीख एक म्हणून नशीबही एक होत नाही.

१६/
नशिबे खरोखरच वेगळी निघाली. कलावंतांना दिलेला महाराजांचा आश्रय एका बालगंधर्वांपुरता नव्हता. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. केशवराव भोसले यांच्या पाठीशीही महाराज होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा धैर्यधर केशवराव होते आणि भामिनी बालगंधर्व. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांनीही देह ठेवला. वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती.

१७/
बालगंधर्व त्यानंतर ४५ वर्षे जगले. १९१३ साली उभी राहिलेली गंधर्व नाटक मंडळी, तिचा थाट, अत्तरे, भरजरी शालू आणि त्यामागोमाग आलेले कर्ज, हे सारे त्यांनी पाहिले. बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक नेला. पाय अधू झाले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा वैभव कधीच मागे पडले होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी, २६ जून १९६८ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर खुले झाले. पडदा उघडण्यासाठी जन्मदिवस निवडला गेला. ही जुळणी मात्र योगायोगाची नव्हे, कृतज्ञतेची.

१८/
कोल्हापुरातही असेच एक घर आहे. महाराजांनी १९१५ साली बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. जयंतीच्या सकाळी कोल्हापूरचे कलावंत जळक्या भिंतींसमोर उभे होते. तारखा माणसांना भेटवतात, तशा कधी अशाही भेटवतात.

१९/
मग मूळ प्रश्न उरतोच. आपला जन्मदिवस एकच आहे, हे या दोघांच्या ध्यानी सहज आले असते का? त्या काळी घरोघरी वाढदिवस तिथीने होत. २६ जून १८७४ रोजी शुक्ल पक्ष होता. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. २६ जून १८८८ रोजी पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. कृष्ण पक्ष लागला होता. पंचांगाच्या हिशेबाने या दोघांचा जन्मदिवस एक नाहीच! एक वाढत्या चंद्राचा, एक उतरत्या. त्यांना एका चौकटीत बसवले ते आपल्या इंग्रजी दिनदर्शिकेने.

२०/
म्हणून तारखा खोट्या ठरत नाहीत. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली; महाराज तिला स्वतः उपस्थित होते. त्यांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव त्या परिषदेने केला. ज्यांना गावचे सण दुरूनच पाहावे लागत, त्यांना आपला म्हणावा असा एक सण त्या ठरावाने दिला. असा सण नेमक्या दिवशी यावा, एवढ्यासाठी तरी अभ्यासकांनी कागद धुंडाळले ते योग्यच केले.

२१/
शेवटी एक साधी गोष्ट. महाराष्ट्रातील असंख्य वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून असते. ती त्यांच्या आईला ठाऊक असलेली तारीख नव्हे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारले, घरच्यांनी 'पेरणीच्या सुमारास' किंवा 'मोठ्या पुराच्या साली' असे काही सांगितले आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याचा महिना पाहून रकाना भरला. खऱ्या अर्थाने एका तारखेला 'जन्मलेली' सर्वांत मोठी बिरादरी तीच.

२२/
तो रकाना भरला जाण्यासाठी मूल आधी शाळेच्या उंबऱ्याशी पोहोचावे लागते. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्यांच्या जन्माची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती, त्यांची नावे त्यामुळे हजेरीपटावर चढली.

२३/
स्वतःची जन्मतारीख पुढे कित्येक वर्षे वादात राहिलेल्या राजाने इतरांची नावे कागदावर आणली आणि एका मुलाचा कान वाचवून त्याचे गाणे महाराष्ट्राच्या कानी घातले. २६ जूनला दिनदर्शिकेचे पान पाहताना ही दोन कामे आठवली, तर त्या दिवसाचा मान राहिला असे समजावे. मग तो होळी बाजारातल्या घरी पाहिला जावो, कागलात की नागठाण्यात.