लांडगा, बकरी आणि इतिहासाचा तास

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने अशोकावर किंवा नागपूरच्या धम्मदीक्षेवर लिहावे, हीच अपेक्षा असणार. आम्ही मात्र लांडग्यावर लिहीत आहोत. या विद्यालयात इतकी वर्षे शिकविताना जो धडा आम्हास सर्वांत उशिरा समजला, तो एका विद्यार्थ्याने लांडग्याच्या निमित्ताने शिकविला. त्याचे ऋण येथे नोंदवावेसे वाटते.

आमचे बालपण बुटीबोरीहून फार दूर नसलेल्या, वेणा नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात गेले. आज ज्या बुटीबोरीचे नाव घेताच कारखान्यांच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात, तेथे तेव्हा औद्योगिक वसाहत उभी राहिलेली नव्हती. घरी जमीन नव्हती. पाच-सहा बकऱ्या होत्या आणि शाळा सुटली की त्या माळावर चारणे हे आमचे काम होते. बकरीला गरिबाची गाय म्हणतात. आमच्या घरी तर ती बँकही होती. आजारपण, लग्नकार्य, शाळेची पुस्तके, जे काही अडेल ते एक बोकड विकून भागत असे. त्यामुळे लांडगा हा शब्द आमच्या कानी गोष्टीतून आला नाही, भयातून आला.

एका हिवाळ्यात नाल्याच्या दरडीत लांडग्याचे बीळ आम्हास दिसले. वय दहा वर्षांचे असेल. मादी संध्याकाळी पोट जड करून येते आणि आत शिरते, हे आम्ही दोन दिवस पाहिले व घरी सांगितले. दुसऱ्या सकाळी गावातील माणसे काठ्या घेऊन गेली. बिळाच्या तोंडाशी काडीकचरा पेटवून धूर केला गेला. चार पिल्ले बाहेर आली. पुढचे सांगण्याचे कारण नाही. त्या दिवशी गावाने आमची पाठ थोपटली. त्यानंतर काही रात्री माळावरून जे रडणे ऐकू येत राहिले, त्याची आठवण आजही सुखाची नाही.

ती मादी पोट जड करून का येत होती, हे पुष्कळ वर्षांनी वाचनातून उमगले. लांडगे शिकारीचे मांस पोटात साठवून आणतात आणि बिळापाशी येऊन पिल्लांसाठी ओकून काढतात. हे काम मादी करते, तसेच नरही करतो आणि आदल्या वर्षीची थोरली भावंडेही करतात. गर्भ साधारण दोन महिने वाढतो. आपल्याकडे पिल्ले बहुधा हिवाळ्यात जन्मतात. आपल्या माळरानांवरील हा लांडगा जगभर पसरलेल्या करड्या लांडग्याचीच एक उपजाती होय. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील भाईबंदांपेक्षा तो अंगाने लहान, विरळ केसांचा आणि सडपातळ असतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनमधील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशशाखांपैकी ही एक असल्याचे अलीकडील जनुकीय संशोधन सांगते. आज भारतात त्यांची संख्या दोन ते तीन हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो.

लांडग्यांच्या कळपाविषयीची एक गोष्ट आम्हास इतिहासाचा अभ्यासक म्हणून विशेष विचार करावयास लावते. कळपात एक दांडगा म्होरक्या असतो, तो इतरांना दाबून ठेवतो आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली असते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून तो बळावला. परंतु ते लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. अमेरिकेचे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने तो समज दूरवर पोचविला. पुढे मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९९९ मध्ये मेक यांनी स्वतःच तो दुरुस्त केला. मोकळ्या रानातील कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची लहानमोठी लेकरे. पायऱ्यापायऱ्यांची ती उतरंड कोंडवाड्यात दिसली होती आणि लोकांनी तिला निसर्गनियम मानले. उतरंडीलाच निसर्गनियम मानण्याची खोड आपल्या देशास नवी नाही, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही वर्गात इंग्रज राजवटीचे वनधोरण शिकवीत होतो. सरकारने वाघ, बिबळे, लांडगे हे प्रगतीचे शत्रू ठरविले आणि त्यांना मारणाऱ्यास बक्षिसे लावली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसांसाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० बिबळे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. हे आकडे सांगून आम्ही फळ्यावर १८७१ हे साल लिहिले. त्या वर्षी याच सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे माणसांच्या कितीतरी जमाती केवळ जन्मावरून गुन्हेगार ठरल्या. तो डाग कायद्यातून पुसला जाण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांबरोबरच या जमातींचाही प्रश्न मांडला आहे. माणसाची पशूशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नव्हता. जी लेखणी एका यादीत पशू लिहिते आणि दुसऱ्या यादीत माणसे, तिची ओळख मुलांना व्हावी, एवढाच हेतू होता. ज्या माळरानावर लांडगा जगतो, त्यालाही महसुली कागदांत ‘पडीक’ म्हटले गेले, हेही आम्ही सांगितले. शेवटी पिल्लांची आमची आठवण सांगून लांडग्यालाही जगण्याचा हक्क आहे, असे म्हणून आम्ही तास संपविला.

तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फारसा बोलत नसे. तो म्हणाला, “सर, लांडग्याले जगू द्या म्हनता, मंग आमच्या बकऱ्या कोनं जगवाच्या?” सुटीत त्याच्या घरच्या दोन गाभण बकऱ्या लांडग्याने मारल्या होत्या. त्याच्या मायने त्या बहिणीच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या होत्या.

वर्ग शांत झाला. आम्हापाशी उत्तर नव्हते. भरपाई मिळते काय, असे त्यानेच विचारले. शासनाच्या भरपाईच्या योजनेत लांडग्याने मारलेल्या पशुधनाचाही समावेश आहे, परंतु त्यासाठी वनविभागास तातडीने वर्दी द्यावी लागते आणि मेलेले जनावर जागेवर असताना पंचनामा व्हावा लागतो. त्याच्या घरच्यांनी बकऱ्या त्याच दिवशी पुरून टाकल्या होत्या. कोणी सांगितलेच नव्हते. आम्हास दोन लाख लांडग्यांचा आकडा तोंडपाठ होता. दोन बकऱ्यांची वर्दी कोठे द्यावी, हे मात्र त्या दिवशी विचारून घ्यावे लागले.

त्या रात्री आम्हास जातक आठवले. वकजातकात एक लांडगा गंगेच्या पुरामुळे खडकावर अडकतो. खावयास काही मिळण्याजोगे नाही, हे पाहून तो उपोसथाचे व्रत धरतो. त्याची परीक्षा घेण्यासाठी शक्र रानबकऱ्याचे रूप घेऊन समोर येतो आणि लांडगा व्रत विसरून झडप घालतो. ही गोष्ट लांडग्याच्या ढोंगाची म्हणून आम्ही मुलांना अनेकदा सांगितली होती. त्या रात्री ती आमचीच वाटली. आता आमच्या घरी बकऱ्या नव्हत्या, महिन्याच्या एक तारखेस पगार होता. गमावण्यासारखे काही नसताना धरलेली आमची करुणा त्या खडकावरील उपोसथाहून फारशी निराळी नव्हती.

अशोकाचा पाचवा स्तंभलेख दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या दृष्टीने वाचला. राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या त्या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत जे उपयोगाचे नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, असे सारे चतुष्पाद येतात. लांडगा त्यांतच मोडत असावा, असे आम्हास वाटते. परंतु त्याच लेखात गाभण आणि दुभत्या शेळ्या-मेंढ्यांनाही अभय आहे. हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे शिकविले होते, पण त्या दोन गाभण बकऱ्यांखेरीज ते आम्हास कळले नसते.

लांडगा निरुपद्रवी आहे, असे सांगणे खोटेपणाचे होईल. २०२४ साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. ती गरिबांची मुले होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास सर्वोच्च संरक्षण दिले, ते योग्यच झाले. मात्र त्या संरक्षणाचा खर्च ज्याच्या गोठ्यास धड दार नाही त्याच्याकडून वसूल होऊ लागला, तर तो न्याय नव्हे. माळावर काळविटे, ससे उरले नाहीत की लांडगा बकरीकडे वळतो. माळ संपतो तो कारखान्यांनी, रस्त्यांनी, वस्त्यांनी. आणि बकरी जाते ती भूमिहीनाची.

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्ही वर्गात एक तास याच कामासाठी ठेवतो. जनावर मारले गेले तर ते हलवू नये, छायाचित्र घ्यावे, वनरक्षकास त्याच दिवशी कळवावे, रात्री बकऱ्या बंदिस्त जागी ठेवाव्यात, हे मुलांकडून वहीत लिहवून घेतो. बीळ दिसले तर ते कोणास दाखवू नये, हेही सांगतो, आणि त्याचे कारणही सांगतो.

तो विद्यार्थी आज माजी विद्यार्थी आहे आणि ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल. मागील मेळाव्यात तो भेटला. घरी आता नऊ बकऱ्या आहेत, गोठ्यास जाळी बसविली आहे, बहीण परिचारिका झाली आहे, असे त्याने सांगितले. लांडग्याविषयी त्याचा राग गेला काय, असे आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, “नाही गेला, सर. पन बीळ दिसलं होतं मागच्या साली. कोनाले सांगतलं नाही.”