रिकाम्या शाळेंतील तीन मुलें

गेल्या ज्येष्ठांत चिरंजीवांच्या आग्रहामुळें आम्ही महिनाभर टोकियोस जाऊन राहिलों. तेथील उद्यानें व उंच इमारती यांचें वर्णन वाचकांनीं अन्यत्र पुष्कळ वाचलें असेल. तेव्हां पुनरुक्ति नको. आमच्या मनांत घर करून राहिली ती डोंगरांतील एक बंद पडलेली प्राथमिक शाळा.

टोकियोच्या वायव्येस निइगाता प्रांतांत तोकामाचीच्या आसपासचा मुलूख आहे. त्यास एचिगो-त्सुमारी म्हणतात. हिवाळ्यांत तेथें पुरुषभर उंचीहून अधिक बर्फ साचतें. डोंगरउतारावरील भातशेती हीच उपजीविका. तरुण मंडळी शहरांत गेली, घरें ओस पडलीं, शाळा मिटल्या. बर्फ वजा केलें तर ही आमच्या कोंकणचीच कथा.

फुराम किटागावा नांवाच्या गृहस्थांच्या पुढाकारानें इ. स. २००० पासून साधारणतः दर तीन वर्षांनीं या ७६० चौरस किलोमीटरांच्या मुलखांत कलोत्सव भरतो. चित्रें-शिल्पें दालनांत न ठेवतां शेतांत व रिकाम्या घरांत मांडावयाचीं, ही त्यांची कल्पना. प्रथम विरोधच झाला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. ज्याच्या छपरावरील बर्फ उपसावयास मनुष्य नाहीं, त्यानें शिल्पें घेऊन काय करावें? सोव्हिएट देशांतून आलेले इल्या व एमिलिया काबाकोव यांस एका शेतांत नांगरणी-कापणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या आकृती उभ्या करावयाच्या होत्या. शेतमालकानें आधीं साफ नकार दिला. तो शेती सोडण्याच्याच विचारांत होता. पुढें त्यानें शेत तर दिलेंच, पण कित्येक वर्षें तें कसलेंहि.

आतां ती शाळा. सानादा येथील ही शाळा २००५ सालीं बंद झाली, तेव्हां पटावर अवघीं तीन मुलें होतीं. सेइझो ताशिमा या बालपुस्तकांच्या चित्रकारांनीं २००९ सालीं त्या सबंध इमारतीचेंच एक चित्रमय पुस्तक केलें. वाहून आलेलीं लांकडें रंगवून त्यांनीं तीं तीन मुलें पुन्हा वर्गांत आणलीं. वाचक एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत चालत जातो, हेंच पान उलटणें.

उपाहारगृहांत काम करणाऱ्या एका वृद्ध बाईंस आम्हीं सूनबाईंच्या मध्यस्थीनें विचारलें, “यामुळें गांवांत माणसें वाढलीं काय?”

त्या हंसल्या. “नाहीं. शेजारचें घर परवांच बंद झालें. पण कोणीतरी येतें, त्या मुलांचीं नांवें विचारतें, म्हणून मी सकाळीं उठून भाजी चिरतें.”

सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, दमलांत काय? बसतां थोडे?” आम्ही दमलों नव्हतों.

आमची शाळाहि आम्ही निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षीं पटाअभावीं मिटली. तिचें दुःख आम्हीं चारचौघांत पुष्कळ सांगितलें. पण एक गोष्ट सांगितली नाहीं. एकतीस वर्षें चित्रकलेचा तास आम्हीं पाढ्यांस व शब्दरूपांस वाहिला. एका मुलानें पाटीवर बैल काढला होता; वशिंड व शिंगें फार ठसकेबाज उतरलीं होतीं. तो आम्हीं त्याच्याच हातानें पुसविला. ‘रिकामा उद्योग’ हे शब्द आमचेच. गंमत अशी कीं, त्याच तोकामाचींत १९८२ पासून आणखी एका बंद शाळेंत मिथिलेचीं व आपल्या वारली लोकांचीं चित्रें सन्मानानें जपलीं आहेत!

परत आल्यावर आम्हीं शाळेची किल्ली मागून घेतली. उत्तरेकडील भिंत अजून धड आहे. त्या मुलास, म्हणजे आतां मुंबईस कारकुनी करणाऱ्या गृहस्थास, पत्र घातलें कीं तो बैल आम्हांस पुन्हा पाहावयाचा आहे. उत्तर आलें: “गुरुजी, हात वळेल कीं नाहीं सांगवत नाहीं, पण चतुर्थीस मुलांसह येतों.”

रंगाचे डबे आणून ठेविले आहेत. भिंतीचे पोपडे तेवढे खरवडावयाचे राहिले आहेत.