बाळाचें पाणी

घरांत तान्हें मूल आलें कीं ‘पाणी शुद्ध आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठीं येतो. पण शुद्ध म्हणजे काय, हें क्वचितच कोणी विचारतो. पोलादपूर तालुक्यांत कापडे गांवीं आमचें घर आहे. यंदा चैत्रांत पुतणीचें पहिलें बाळंतपण माहेरीं झालें, आणि या एका शब्दावरून आमच्या एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडले.

एक पक्ष थोरल्या काकूंचा. सोंवळ्यानें भरलेली तांब्याची कळशी हें त्यांचें शुद्ध पाणी. उन्हाळ्यांत बाळाचा घसा सुकतो, म्हणून त्यांतलें दोन-दोन चमचे पाजावें आणि मधांत उगाळलेली घुटी चाटवावी, असा त्यांचा आग्रह. दुसरा पक्ष पुतणीचा. तिनें पुण्याहून बाटल्या, वाइप्स, पावडरी यांचें खोकेंच आणलें होतें, आणि प्रत्येक वस्तूवर ‘बाळासाठीं सुरक्षित’ अशीं अक्षरें होतीं. त्यांत एका फिल्टरविक्यानें भर घातली. आमच्या विहिरीच्या पाण्यांत दोन कांड्या बुडवून त्यानें वीज सोडली; पाणी तांबूस झालें आणि सर्वांचे चेहरे उतरले.

सोंवळ्याची शुद्धता कोठवर नेते, हें आमच्या शेजारच्या महाडनें पाहिलें आहे. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां सनातन्यांनीं 108 घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ केलें. त्या घागरींत शेण व गोमूत्र होतें! पाण्यांत काय आहे हें न पाहतां त्याला कोण शिवलें एवढेंच पाहिलें, कीं असेंच व्हावयाचें.

विक्रेत्याची कांडीही तितकीच फसवी. तो तांबूस रंग घाणीचा नसून लोखंडी कांडी झिजून सुटलेल्या गंजाचा असतो. त्याचें मीटर विरघळलेले क्षार मोजतें. जंतु मोजीत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, पण 100 मिलिलिटर पाण्यांत ई. कोलाय जंतु एकही चालत नाहीं. आमच्या मुसळधार पावसाच्या मुलखांत भीति आहे ती जंतूंची आणि गढूळपणाची. जुलै 2021 च्या महापुरानंतर ती निराळी सांगावयास नको. गढूळ पाण्यांत टाकलेली ब्लीचिंग पावडर गाळावरच खर्ची पडते; म्हणून आधीं पाणी निवळावें, गाळावें, मग पावडर टाकावी, किंवा खळखळून उकळावें.

आणि बाळाचें काय? डॉक्टरीणबाईंनीं दोन्ही पक्षांना एकच उत्तर दिलें: सहा महिने आईच्या दुधाशिवाय कांहीं नको, पाणीसुद्धां नको. त्या दुधांत शेंकडा 87 भाग पाणीच असतें. उन्हाळ्यांतही तें पुरतें. मधांत बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणु असूं शकतात, ते उकळून मरत नाहींत. म्हणून वर्षापर्यंत मध वर्ज्य. बाटलीचें प्लास्टिक कितीही निर्दोष असो, तिच्या चोखणींत राहिलेला दुधाचा थर जंतूंना पुरेसा होतो. 1992 च्या कायद्यानें दुधाच्या बाटल्यांची व डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यासच मनाई केली आहे, ती कांहीं उगीच नव्हे.

काकूंना हें ऐकून फार लागलें. “मग आम्ही वाढविलेलीं मुलें काय?” असें त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस बाळंतिणीच्या खोलींत गेल्या नाहींत. त्यांची माया खरी होती. तिला केवळ काम हवें होतें. आतां बाळंतिणीचें पाणी उकळून झांकून ठेवणें त्यांच्याकडे आहे, आणि साबणानें हात धुतल्यावांचून त्या कोणालाही बाळाला हात लावूं देत नाहींत. त्यांचें सोंवळें आतां खरोखरीच कामास आलें आहे.

आश्विनांत बाळाची उष्टावण होईल. तेव्हांपासून पाण्याचा प्रश्न खरा सुरू होईल. त्याआधीं ग्रामपंचायतीकडून तपासणीची एच. टू. एस. बाटली आणून विहिरीचें पाणी तींत भरून ठेवावयाचें ठरलें आहे. दोन दिवसांत तें काळें पडलें, तर पाणी दूषित समजावें. हा काळा रंग मात्र कोणी विकावयास आणलेला नसेल.